तिघांच्या चित्रातली बाई: शेजारी देशावरच्या एका व्यंगचित्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मोठ्या देशातल्या प्रादेशिक भाषेच्या दैनिकात घडले. दैनिकाचे, माणसांचे आणि देशांचे नाव इथे दिलेले नाही. करार ओळखता येऊ नये म्हणून त्याचा तपशीलही पुसट केला आहे. घटनाक्रम आणि वाद मात्र त्या संध्याकाळी कार्यालयात असलेल्या लोकांनी सांगितले तसेच ठेवले आहेत.

बातमी अशी होती. शेजारच्या लहान देशाने आपल्या किनाऱ्यावरचे एक बंदर विकसित करण्याचे काम तिसऱ्याच, दूरच्या आणि पैसेवाल्या देशाच्या सरकारी कंपनीला दिले. बांधकामासाठी कर्जही त्याच देशाचे आणि बंदर चालवण्याचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टाही त्याच कंपनीकडे. मोठ्या देशात यावर गदारोळ उठला. ‘पाठीत खंजीर’ हे शब्द पहिल्याच दिवशी वाहिन्यांच्या पट्ट्यांवर फिरू लागले.

आणखी एक गोष्ट होती, पण त्या दिवशी ती कोणाला आठवली नाही. त्याच बंदरापर्यंत रेल्वेमार्ग बांधून देण्याचे आश्वासन मोठ्या देशाने कितीतरी वर्षांपूर्वी दिले होते. पायाभरणी झाली, फोटो छापून आले आणि काम पहिल्याच टप्प्यात अडकले. याच दैनिकाने ती रखडपट्टी आतल्या पानावर एकदा छापलीही होती. ती पुढे कामाला येणार आहे.

दैनिकाचे व्यंगचित्रकार ज्येष्ठ आणि वाचकप्रिय होते. अग्रलेखाखालची तीन कॉलमांची चौकट त्यांची. कच्चे रेखाटन ते संध्याकाळी पाठवत, संपादक मोबाइलवर पाहून होकार देत आणि पक्के चित्र रात्री पानावर बसे. संपादकीय पान लावणाऱ्या उपसंपादकाचे काम ओळीतले शुद्धलेखन बघण्यापुरते. या व्यवस्थेत चित्रावर चर्चा व्हावी अशी जागाच नव्हती, आणि इतकी वर्षे ती कोणाला खुपलीही नव्हती.

त्या दिवशीचे रेखाटन असे होते. मध्ये एक तरुण, नटलेली बाई, अंगावरच्या पट्ट्यावर लहान देशाचे नाव. तिचा एक हात बोटी-क्रेन मागे घेऊन उभ्या असलेल्या श्रीमंत पाहुण्याच्या हातात, आणि तो तिच्या पर्समध्ये नोटांची गड्डी सरकवतो आहे. दुसऱ्या बाजूला भरघोस मिशांचा, हाताची घडी घातलेला, दुखावलेला मोठा देश. बाई मान वळवून त्याच्याकडे पाहून डोळा मारते. खाली ओळ: ‘दोघांनाही हो म्हणून चालत नसतं, बाई!’

रेषा म्हणून चित्र देखणे होते. मोठ्या देशाच्या चेहऱ्यावरचा तो फुगलेला मानभंग तर फारच छान उतरला होता.

अडचण कुठे आली

पान लावायला बसलेल्या उपसंपादकाने व्यंगचित्रकारांना फोन केला. निमित्त शुद्धलेखनाचेच होते. दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नाही, म्हणून ते संभाषण जवळजवळ जसेच्या तसे देता येते.

“सर, मधली बाई म्हणजे त्यांच्या परराष्ट्रमंत्री का?”

“नाही, देश.”

“पण त्यांच्या परराष्ट्रमंत्री बाईच आहेत. सही त्यांनीच केली. वाचक त्यांनाच बघणार.”

“बघू देत. त्याने काय बिघडतं? चेहरा त्यांचा नाही.”

“आणि हे मिशावाले कोण?”

“आपण.”

“आपण तिचे कोण लागतो, सर?”

या शेवटच्या प्रश्नावर व्यंगचित्रकार चिडले. त्यांचे म्हणणे सोपे होते आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे मुळीच नव्हते. वाचक चित्रावर दोन-तीन सेकंद थांबतो. तेवढ्यात त्याला कळले पाहिजे की दोन बलाढ्यांच्या मध्ये एक छोटा देश आहे आणि तो दोघांशीही गोड बोलतो आहे. प्राणी काढले तर उंदीर, शेळी किंवा मांजर काढावे लागणार, आणि अपमान त्यात जास्त. नेत्यांचे चेहरे काढावेत तर त्या लहान देशाच्या नेत्यांना इथे कोण ओळखतो? “मग काढू काय? नकाशा?” असे त्यांनी विचारले. शिवाय देशाला स्त्रीरूप देणे ही दीडशे वर्षांहून जुनी परंपरा आहे, ब्रिटनची ब्रिटानिया बघा, फ्रान्सची मारियान बघा, असेही ते म्हणाले.

फोन संपला आणि विषय संपादकांच्या खोलीत गेला. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती लवकर सुटायची होती.

इथे माझे एक मत नोंदवतो. या प्रकरणाकडे ‘अश्लील की नाही’ किंवा ‘कोणाच्या भावना दुखावतील’ या अंगाने पाहिले की चर्चा भरकटते, आणि त्या खोलीत पहिला अर्धा तास तसेच झाले. वृत्तसंपादक गळ्याची खोली कमी करा म्हणाले. कोणी डोळा मारणे काढा म्हणाले. बाईचे कपडे हा प्रश्नच नव्हता. तिला पायघोळ झगा घातला असता तरी चित्राने केलेला दावा तोच राहिला असता: ती आपली होती आणि आता दुसऱ्याच्या हाताला लागली. भाडेपट्ट्याची मुदत किती, कर्ज फेडता आले नाही तर बंदराचे काय, तिथे उद्या युद्धनौका येऊ शकतात का, हे खरे वादाचे मुद्दे चित्रात कुठेही नव्हते. त्यांच्या जागी बेइमानी बसली होती. आणि बेइमानी म्हटली की आधी कुठले तरी वचन, कुठले तरी नाते गृहीत धरावे लागते. ते गृहीतक चित्र न बोलता पोचवत होते, म्हणूनच ते खोडून काढणे अवघड होते.

वादात आलेले दाखले

परंपरेचा मुद्दा निघाला तेव्हा उपसंपादकाने तो टाळला नाही. इतिहास हा तिचा विषय, आणि आधीच्या एका पुरवणीसाठी जुनी व्यंगचित्रे तिने जमवून ठेवली होती. ती तिने पडद्यावर लावली. मला विचाराल तर त्या संध्याकाळचा सर्वात भरीव भाग हाच.

पहिले चित्र कॅनडाचे. 1867 मध्ये कॅनडाचा महासंघ झाला आणि शेजारी अमेरिका त्याला कधी ना कधी गिळणार अशी चर्चा दोन्हीकडे होती. माँट्रिअलच्या ‘डायोजिनीस’ या विनोदी साप्ताहिकात जून 1869 मध्ये चित्र आले. त्यात आई ब्रिटानिया मुलगी मिस कॅनडाला विचारते, तू त्या चुलतभाऊ जोनाथनला काही उत्तेजन तर दिले नाहीस ना? जोनाथन म्हणजे अमेरिका, तो मागे उभा आहे. मुलगी ठणकावून सांगते की मुळीच नाही, आपण एक होणे शक्य नाही असे मी त्याला सांगून टाकले आहे. हे चित्रही लग्नाच्याच भाषेत बोलते. वयात आलेली मुलगी, तिच्यावर लक्ष ठेवणारी आई, दाराशी घुटमळणारा उमेदवार, सगळे तेच. फरक इतकाच की चित्र कॅनडातल्यांनी काढले आहे आणि नकार मुलीच्या तोंडी आहे. तरीही तिला आईला जाब द्यावाच लागतो. व्यंगचित्रकारांनी फोनवरून इथे बरोबर बोट ठेवले: “म्हणजे त्यांनी काढलं तर चालतं?” या प्रश्नाला खोलीत कोणाकडे पुरते उत्तर नव्हते.

दुसरे आयर्लंडचे. ऑक्टोबर 1881 च्या ‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकामध्ये जॉन टेनिअल यांनी काढलेल्या चित्रात रडवेली हायबर्निया, म्हणजे आयर्लंड, ब्रिटानियाच्या कुशीत शिरली आहे. ब्रिटानियाच्या हातात ‘कायदा’ लिहिलेली तलवार. समोर हातात दगड घेतलेला, वानरासारख्या चेहऱ्याचा आयरिश माणूस, टोपीवर ‘अराजक’. चित्र पाहून कोणालाही वाटेल की ब्रिटन आयर्लंडला वाचवते आहे. त्याच महिन्यात आयरिश नेते पार्नेल यांना ब्रिटिश सरकारने किल्मेनमच्या तुरुंगात टाकले होते. वाद जमिनीचा होता, कुळांनी द्यायच्या खंडाचा, कुळे हुसकावण्याचा. चित्रात जमीन नाही, कुळ नाही, जमीनदार नाही. देशाचे दोन तुकडे केलेले आहेत: रडणारी बाई आपल्या बाजूला आणि दगड घेतलेला पुरुष गुन्हेगारांच्या बाजूला. शेजारी देशाला बाई करण्याचा हा एक मोठा फायदा असतो. तिच्यावर माया करता येते आणि तिच्या माणसांना त्याच वेळी झोडपताही येते.

तिसरा दाखला क्युबाचा. तो पाहून संपादक खुर्चीत पुढे सरकले असे सांगतात. स्पेन आणि अमेरिकेचे युद्ध पेटले असताना, मे 1898 मध्ये, ‘पक’ या अमेरिकी साप्ताहिकात लुई डॅलरिंपल यांनी क्युबाला एका असहाय बाईच्या रूपात काढले. ती ‘स्पॅनिश कुशासन’ नावाच्या तव्यात उभी आहे आणि खाली ‘अराजका’च्या ज्वाळा आहेत. तिला वाचवणे हे या घडीचे कर्तव्य, असा मथळ्याचा रोख. युद्ध संपले, स्पेन गेले. जानेवारी 1899 मध्ये त्याच साप्ताहिकात त्याच चित्रकाराने शाळेचा वर्ग काढला. अंकल सॅम, म्हणजे अमेरिका, मास्तर, आणि पुढच्या बाकावर फिलिपाइन्स, हवाई, पोर्तो रिको यांच्यासोबत क्युबा, शिस्त लावायचे अडाणी पोर म्हणून. वर्ष उलटायच्या आत बाईचे मूल झाले. क्युबात काही बदलले म्हणून हे घडले नव्हते. अमेरिकेला तिथे आता काय करायचे होते, ते बदलले होते. 1901 च्या ‘प्लॅट दुरुस्ती’ या अमेरिकी कायद्यातल्या तरतुदीने क्युबात हस्तक्षेप करण्याचा हक्क अमेरिकेने लिहून घेतला आणि तो 1934 पर्यंत टिकला.

बेल्जियमचे दोन दाखले तिने शेजारी-शेजारी लावले. जर्मनीने बेल्जियममध्ये सैन्य घातले तेव्हा, ऑगस्ट 1914 मध्ये, ‘पंच’मध्ये एफ. एच. टाउनसेंड यांनी बेल्जियमला काठी घेऊन बंद फाटकाशी उभा राहिलेला छोटा मुलगा दाखवले. समोर दंडुका घेतलेला म्हातारा गुंड, जर्मनी. चार वर्षांनी अमेरिकेतल्या युद्धकर्जाच्या ‘बेल्जियम आठवा’ या भित्तिपत्रकावर जर्मन सैनिक एका मुलीला फरपटत नेतो आहे. पहिल्यात बेल्जियम लढतो म्हणून कौतुक, दुसऱ्यात तिचे हाल होतात म्हणून पैसे द्या. भित्तिपत्रकाला आधार नव्हता असे नाही. बेल्जियन नागरिकांवर अत्याचार खरोखरच झाले होते. पण देश कोण आहे हे चित्राकडून काय साधायचे त्यावर ठरते, एवढे या जोडीवरून दिसत होते.

आणि शेवटी फिनलंड. 1899 मध्ये रशियाच्या झारने फिनलंडची स्वायत्तता आवळली, आणि एडवर्ड इस्तो यांनी चित्र काढले: दोन डोक्यांचा रशियन गरुड फिन्निश तरुणीवर झेप घेतो आहे आणि तिच्या हातातून कायद्याचे पुस्तक ओढतो आहे. हे व्यंगचित्र नव्हे, पण त्याच्या छापील प्रती घरोघरी गेल्या. इथेही देश म्हणजे बाई, तीही संकटात. पण तिच्या हातात पुस्तक आहे आणि ते ती सोडत नाही. भांडण कशावरून आहे ते चित्र बघणाऱ्याला कळते.

यावर उपसंपादक जे बोलली ते मला या प्रकरणातले सर्वात उपयोगी वाक्य वाटते. ती म्हणाली, “बाई काढू नका असं मी म्हणतच नाही. तिच्या हातात काय आहे ते बघा. आपल्या चित्रात तिच्या हातात फक्त दुसऱ्याचा हात आहे.”

समोर असलेले पर्याय

चित्र जसेच्या तसे छापणे हा पहिला पर्याय, आणि वृत्तसंपादकांचा कौल अखेर त्यालाच होता. त्यांच्या मते व्यंगचित्राला अग्रलेखाची फूटपट्टी लावू नये. आज बाईवर आक्षेप घेतला तर उद्या नेत्याच्या पोटावर घ्याल आणि परवा व्यंगचित्रच बंद कराल. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. संपादकांनी आतून लावलेली कात्री ही बाहेरच्या दबावापेक्षा जास्त चित्रे मारते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते.

ओळ बदलणे हा सोपा मधला मार्ग होता.

परराष्ट्रमंत्र्यांचाच चेहरा काढावा, अशीही सूचना आली. त्यांनी सही केली, त्यांच्यावर टीका करा, त्यात गैर काय? खरे तर हा पर्याय अधिक प्रामाणिक होता. मंत्री सार्वजनिक व्यक्ती असते आणि तिचा निर्णय टीकेला खुला असतो. पण मग ती डोळा मारणारी, पर्समध्ये नोटा घेणारी मुद्रा एका खऱ्या राजकारणी बाईच्या अंगाला चिकटली असती आणि तिने लाच घेतली असा अर्थ निघाला असता. तसा पुरावा कोणाकडेच नव्हता. देशाच्या नावाचा पट्टा असल्यामुळे ज्याला रूपक म्हणून सोडून दिले होते, तोच चेहरा काढला की आरोप ठरला असता. पट्टा होता तरी बघणाऱ्याच्या मनात तो आरोप उमटणारच होता, ही गोष्ट मात्र नजरेतून सुटली.

कोणीतरी उलटेच सुचवले: मोठ्या देशालाच बाईच्या वेशात दाखवा, म्हणजे आपल्या सरकारच्या दुबळेपणावर टीका होईल. हशा पिकला, पण पर्याय टिकला नाही. दुबळा म्हणजे बाई, हे समीकरण तसेच ठेवून फक्त मार दुसऱ्या गालावर बसला असता.

पाचवा पर्याय व्यंगचित्रकारांनी स्वतः आणला, तोही उपसंपादकाला खोटे पाडण्यासाठी. “बरं, बाईच्या जागी पुरुष काढतो. काही फरक पडत नाही, बघा,” असे म्हणून त्यांनी पंधरा मिनिटांत नवे रेखाटन पाठवले. मांडणी तीच, मधे फक्त तरुण माणूस. एक हात श्रीमंत पाहुण्याच्या हातात, मान वळवून मोठ्या देशाकडे बघणारा. खोलीत ते मोबाइलवर फिरले आणि कोणी हसले नाही. विनोदच उरला नव्हता. दिसत होता तो दोन गिऱ्हाइकांशी बोलणी करणारा एक चलाख व्यापारी. उलट मिशावालाच विनाकारण रुसलेला वाटत होता. बाई असताना जी बदफैली होती, ती पुरुष येताच सौदेबाजी झाली, आणि सौदेबाजी हे तर प्रत्येक देशाचे रोजचे काम. व्यंगचित्रकारांनी फोनवर थोडा वेळ काहीच म्हटले नाही, मग म्हणाले, “हे चित्र मेलं.”

निर्णयाचा खरा क्षण हाच होता. पहिल्या चित्रातला विनोद कुठून येत होता, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आले होते. पण घड्याळात साडेआठ झाले होते.

चित्र मागे ठेवून जुन्या साठ्यातले एखादे वापरायचे, हा शेवटचा पर्याय. संपादकांना तो नको होता. दिवसाची सर्वात मोठी बातमी असताना अग्रलेखाखाली पावसावरचे चित्र टाकणे त्यांना लाजिरवाणे वाटत होते.

काय केले

संपादकांनी ओळ बदलली. ‘दोघांनाही हो म्हणून चालत नसतं, बाई!’च्या जागी ‘बंदर एक, नांगर दोन’ अशी ओळ आली. डोळा मारणे काढायला सांगितले आणि व्यंगचित्रकारांनी नाखुशीने काढले. नोटांची गड्डी जाऊन तिथे कराराचा कागद आला. बाई, पट्टा, हातातला हात आणि हाताची घडी घातलेला मिशावाला हे सगळे राहिले. उपसंपादकाने आपला विरोध तोंडी नोंदवला आणि पान सोडले.

नवी ओळ पहिल्यापेक्षा चांगली होती, हे मान्य करायला हवे. पण तिने चित्राशी काडीमोड घेतला होता. ओळ बंदराबद्दल बोलत होती, चित्र बाईबद्दल.

परिणाम

सकाळी चित्र ई-पेपरवरून कापून समाजमाध्यमांवर फिरू लागले, आणि कापताना ओळ गळून पडली. लोकांनी आपापल्या ओळी घातल्या. त्यातल्या बऱ्याचशा मूळ ओळीच्या जवळपासच्या होत्या, आणि काही इथे छापता येणार नाहीत अशा. संपादकांनी रात्री जे पुसले होते ते वाचकांनी सकाळी परत लिहिले. चित्राची रचनाच ती ओळ सुचवत असताना दुसरे काही व्हायची शक्यता कमीच होती.

दुपारपर्यंत परराष्ट्रमंत्र्यांचा फोटो त्या बाईच्या चेहऱ्यावर डकवलेल्या आवृत्त्या निघाल्या. ते दैनिकाने केले नव्हते, पण साचा दैनिकाचा होता.

लहान देशातल्या एका वृत्तपत्राने दुसऱ्या दिवशी उत्तरादाखल चित्र छापले. त्यात मोठा देश दारू प्यायलेला, बायकोवर डाफरणारा नवरा होता आणि ती बॅग भरून दाराबाहेर पडत होती. तिथे ते खूप गाजले. मोठ्या देशातल्या काही पुरोगामी वाचकांनीही ते कौतुकाने पुढे पाठवले. मला त्यात वेगळेच दिसते. उत्तर देणाऱ्यानेही लग्न मान्य केले होते. भांडण आता नवरा वाईट की बायको वाईट यावर आले, आणि भाडेपट्ट्याची मुदत दोन्ही देशांच्या व्यंगचित्रांतून गेली. आपल्या संसदेत कराराला प्रश्न विचारणारे लहान देशातले विरोधी पक्षाचे लोक मधल्या मधे अडकले. कराराविरुद्ध बोलणे म्हणजे दारुड्या नवऱ्याची बाजू घेणे, असे तिकडे ऐकू येऊ लागले.

दैनिकाकडे पत्रे आली. निषेधाची होती, शाबासकीचीही होती. त्यांतले एक पत्र शेजारी देशातून इथे शिकायला आलेल्या विद्यार्थिनीचे होते. चित्र आल्यापासून वसतिगृहात तिला त्या बाईच्या नावाने हाक मारली जाते, एवढेच तिने लिहिले होते. शेरेबाजी नाही, मागणी नाही. संपादकांनी ते पत्र छापले. नाव अर्थातच वगळले. व्यंगचित्रकारांनी ते वाचून फोन केला. त्यांना चित्राचा बचाव करायचा नव्हता. त्याच विषयावर आणखी एक चित्र करू द्या, असे ते म्हणाले.

ते चित्र आठवड्याभराने आले. मिशावाला मोठा देश एका अर्धवट रुळाच्या टोकावर उभा आहे. रूळ त्याच्या पायाशीच संपतो आणि पुढे गवत माजले आहे. बाजूला गंजलेली पाटी, ‘काम चालू’. तो दुर्बिणीतून पलीकडच्या बंदरावर चाललेल्या क्रेन बघतो आहे आणि म्हणतो, ‘इतकी घाई कसली होती?’ लहान देश चित्रात नाहीच. बंदरावर पाहुण्याच्या कंपनीचा भलामोठा फलक मात्र आहे आणि त्यावर बारीक अक्षरात भाडेपट्ट्याची मुदत. म्हणजे ज्याला करारावर टीका करायची आहे त्याच्यासाठीही चित्रात हत्यार होते.

हे चित्र पहिल्याइतके फिरले नाही. त्याच्या जवळपासही नाही. पण त्यावर आलेली पत्रे रखडलेल्या रेल्वेबद्दल होती, आणि एका निवृत्त अभियंत्याने ते काम का अडकले यावर लिहिलेला मजकूर नंतर लेख म्हणून छापला गेला. वृत्तसंपादक अजूनही म्हणतात की पहिले चित्र जास्त चांगले होते. ‘चांगले’ म्हणजे जास्त पसरणारे असे मानले तर त्यांचे बरोबर आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वात आधी वेळ. रेखाटन पाच वाजता आले होते आणि उपसंपादकाचा फोन सातच्या आसपास गेला, कारण ते पाहणे हे तिचे कामच नव्हते. दोन तास आधी हीच चर्चा झाली असती तर पुरुषाचे रेखाटन मेल्यावर नवे चित्र काढायला उसंत मिळाली असती. नंतर दैनिकाने बदल केला: कच्चे रेखाटन संपादकांसोबत पान लावणाऱ्यालाही जाते, आणि त्यासोबत व्यंगचित्रकार आपले म्हणणे एका साध्या वाक्यात लिहून देतात. त्या दिवशी ते वाक्य लिहिले असते तर काय लिहिले असते? ‘शेजाऱ्याने आपल्याला विचारल्याशिवाय करार केला, हा विश्वासघात आहे.’ अग्रलेखात हे वाक्य संपादकांनी ठेवले असते का, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “नाही. अग्रलेखात तर उलटंच लिहिलं होतं, की शेजाऱ्याला गृहीत धरणं आता बंद करा.” म्हणजे त्या दिवशी एकाच पानावर वरचा मजकूर आणि खालचे चित्र एकमेकांना खोडत होते आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

दुसरे, पुरुष-बाई अदलाबदलीची कसोटी. ती या दैनिकाला अपघाताने सापडली आणि आता ते ती मुद्दाम वापरतात. कसोटी चांगली आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये. टेनिअलच्या चित्रात हायबर्नियाच्या जागी रडणारा मुलगा काढला तरी खोटेपणा तसाच राहतो, कारण तो रडणाऱ्यात नसून तलवारवाल्याच्या उपकारकर्तेपणात आहे. डॅलरिंपलचा वर्गही हेच सांगतो. तिथे बाई नाही, मुले आहेत, आणि मालकी तेवढीच. म्हणून लिंग बदलून पाहिल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: आपला देश या चित्रात कुठल्या नात्याने उभा आहे? नवरा, बाप, मास्तर की रक्षणकर्ता? नाते घरातले असेल तर शेजाऱ्याचा प्रत्येक स्वतंत्र निर्णय चित्रात आपोआप बेशिस्त ठरतो.

तिसरे ओळीबद्दल. अर्धी दुरुस्ती ही मूळ चित्र छापण्यापेक्षा वाईट ठरली, असे माझे मत आहे. मूळ चित्र निदान आपली बाजू उघडपणे मांडत होते आणि कोणी जाब विचारला असता तर व्यंगचित्रकार त्याच्या मागे उभे राहिले असते. दुरुस्त केलेल्या चित्रामागे कोणीच उभे नव्हते. संपादक म्हणत, आम्ही ओळ बदलली. व्यंगचित्रकार म्हणत, ती ओळ माझी नाही. उपसंपादकाला हे पटत नाही. तिच्या मते नोटांची गड्डी गेली हे महत्त्वाचे होते, नाहीतर लाचेचा आरोप थेट दैनिकाच्या नावावर लागला असता. तिचे म्हणणे वजनदार आहे.

चौथी गोष्ट मात्र त्या खोलीत शक्य होती आणि झाली नाही. रखडलेल्या रेल्वेची बातमी त्यांच्याच संग्रहात होती. परराष्ट्र संबंधांवरचे व्यंगचित्र काढण्याआधी शेजारी देशाशी असलेले आपलेच जुने करार एकदा चाळायचे, एवढ्या साध्या सवयीने दुसरे चित्र पहिल्याच दिवशी सुचले असते. व्यंगचित्रकारही हेच म्हणतात, थोड्या वैतागाने: “मला बाई काढायची हौस नव्हती. माझ्या हाताशी दुसरी माहितीच नव्हती.” हा दोष एकट्या चित्रकाराचा धरता येत नाही. बातमीदारांची टिपणे तेव्हा अग्रलेख लिहिणाऱ्याकडे जात. व्यंगचित्रकाराकडे फक्त मथळा जात असे.

ही टिपणे आता त्यांच्याकडेही जातात. ‘त्यांनी स्वतः काढलं तर चालतं का’ या त्यांच्या प्रश्नावर दैनिकाचे अजून एकमत झालेले नाही. शेजारी देशातली व्यंगचित्रे भाषांतर करून छापण्याची योजना त्याच कारणाने अडून आहे. दारुड्या नवऱ्याचे ते चित्र त्या यादीत पहिले आहे. उपसंपादकाने ते छापावे असे म्हटले आहे, व्यंगचित्रकारांनी छापू नये असे.